फाटावा, पण गोड फाटावा

आवाज फाटतोय म्हटलं की आमच्याकडे कोणीतरी धावत मिक्सरकडे जातं. लग्नाचा मांडव असो, कीर्तन असो की सरपंचांचं भाषण, आवाज फाटला म्हणजे ऑपरेटरची अब्रू गेली. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा मात्र पदरचे पैसे मोजून आवाज फाडून घेतो, आणि वर तो कसा फाटावा याबद्दल नखरे करतो. मी त्यातलाच एक. पवनानगरला राहतो, जुनी माणसं गावाला अजून काले कॉलनी म्हणतात. धरणाच्या काठच्या कॅम्पांवर शनिवार-रविवार गिटार वाजवतो आणि जिथे वेगळा साउंडवाला परवडत नाही तिथे साउंडही मीच लावतो.

ठाकूरसई, गेव्हंडे, ब्राह्मणोली या बाजूला गेल्या काही वर्षांत तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याची मंडळी दुपारी येतात, संध्याकाळी तुंग-तिकोन्याच्या बाजूला तोंड करून फोटो काढतात, मग चहा-भजी, शेकोटी, बार्बेक्यू आणि ‘लाइव्ह म्युझिक’. त्या लाइव्ह म्युझिकमधला मी. आधी लाकडी गिटारवर हळूवार गाणी चालतात. जेवणं व्हायच्या सुमारास कोणीतरी मोठ्याने ‘दम मारो दम’ मागतं. १९७१च्या त्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, हे सांगायला मला आवडतं आणि ऐकायला कोणाला वेळ नसतो. तेवढ्यात मी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवलेली असते.

इथून माझी अडचण सुरू व्हायची. माझ्याकडे ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प होता. आठ इंची स्पीकर, पुढे डिस्टॉर्शनचं बटण. घरातल्या खोलीत तो बरा वाजायचा. भिंती असतात, कोपरे असतात, खालचा आवाज तिथे साठतो आणि भरीव वाटतो. पाण्याकाठच्या उघड्या माळावर भिंतच नाही. बेस निघतो तो निघूनच जातो, उरतो तो वरचा चिरका भाग. त्यावर डिस्टॉर्शनचं बटण दाबलं की कानाला करवत लागायची. भरीत भर म्हणून तोच आवाज मी कॅम्पच्या पीए सिस्टीमला द्यायचो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवत नाही, म्हणून फाटलेल्या आवाजातला कचरा तो आपसूक गाळून टाकतो. पीएचा हॉर्न तो सगळा कचरा इमानदारीने पाहुण्यांच्या कानापर्यंत पोहोचवतो.

शिवाय धरणाचं पाणी. सूर्य बुडाला की पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. अशा वेळी आवाज वर निघून न जाता पुन्हा खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. आमच्या काठावर चाललेला कार्यक्रम पलीकडच्या वस्तीत अंगणात बसल्यासारखा ऐकू येतो. एका रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर पलीकडच्या गावचे एक आजोबा मला म्हणाले, “मास्तर, काल गाणं काय कळलं नाय बघा. नुसतं चर्र चर्र येत होतं. झोप नाय लागली.” टीका म्हणून ती इतकी अचूक होती की मी त्यांचा चहाही माझ्याच खात्यावर लावला.

तेव्हा ठरवलं, नवा ॲम्प घ्यायचा. आवाज फाटलेलाच हवा, पण उबदार. कमी आवाजातही भरीव. आणि पलीकडच्या काठावर गेलाच, तर गाणं म्हणून जावा.

उबदार म्हणजे नेमकं काय, हे मला गिटारवाल्यांपेक्षा तंबोऱ्याने जास्त नीट शिकवलं. मिरजेत तंबोरे बनतात; २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर घोडी अशी घासतो की तार तिच्या रुंद पाठीला जेमतेम घासत कंप पावते. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतो. काटेकोर बघितलं तर हाही बिघाडच. तार मोकळी न वाजता कशाला तरी घासतेय. पण त्या घासण्यातून षड्जाच्या तारेत वरचा षड्ज, पंचम आणि न छेडलेला गंधारही ऐकू येतो. जवारी जास्त उघडी झाली की तोच तंबोरा पत्र्यासारखा झणझणतो.

गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये हेच घडतं, फक्त तारेऐवजी ॲम्पच्या आत. सिग्नल ॲम्पच्या कुवतीबाहेर गेला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. दुप्पट कंपनांचा स्वर म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर. तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. पाचपट म्हणजे गंधार. इथपर्यंत सगळे पाहुणे घरचेच. त्याच्या पुढचे, सातपट, अकरापट, तेरापट, हे मूळ सुराशी फटकून वागतात. लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट झालं की ही वरची गर्दी वाढते. हळूहळू गोलाई देत दबलं, तर खालचे दोन-चार स्वर पुढे येतात आणि आवाज भरीव लागतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ वाजतो आणि मग एकदम आपटतो. जुना काचेचा व्हॉल्व्ह मात्र आधीपासूनच थोडाथोडा दबत जातो.

मी डिस्टॉर्शन पहिल्यांदा ऐकलं ते जिमी हेंड्रिक्सचं नव्हे, गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोचं. बुलबुलतरंगला पिकअप लावून, ॲम्प्लिफायर पुरता पिळून भोंग्यातून काढलेला तो आवाज हे आपल्या मुंबई-कोकणाचं अस्सल फाटलेलं वाद्य आहे. त्यावर कोणी नाक मुरडलं की मी इंग्लंडची गोष्ट सांगतो. १९६४ साली ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने ॲम्पच्या स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला आणि त्या चिरलेल्या स्पीकरवर ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. त्याच्या दोन वर्षं आधी लंडनच्या हॅनवेल भागातल्या वाद्यांच्या दुकानात जिम मार्शलच्या माणसांनी अमेरिकेतल्या फेंडर बासमनचा आराखडा समोर ठेवून पहिला मार्शल ॲम्प जुळवला होता. ही माणसं काही प्रयोगशाळेत बसलेली नव्हती. आमच्या बेंजोवाल्यांसारखीच हाताशी असलेलं सामान पिळून काढत होती.

पण वाचून आणि ऐकून ॲम्प ठरत नाही. माझा ठरला तळेगावच्या एका काकांच्या दुकानात. दुकान म्हणायचं तर आता तिथे मिक्सर आणि पंख्याची मोटर दुरुस्त होते. काकांनी हयात रेडिओ दुरुस्तीत घालवलेली. मी जुन्या ॲम्पची खरखर काढायला गेलो होतो. काय शोधतोय हे सांगितल्यावर त्यांनी फळीवरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले व्हॉल्व्ह. काहींच्या काचेवर ‘बीईएल’ ही अक्षरं अजून वाचता येत होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी देशभरातल्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवले, त्यातले हे. अंगठ्याएवढी काच, खाली नऊ टोकदार पिना, डोक्याला आतून चांदीसारखा चकचकीत लेप.

“हा ईएल चौऱ्याऐंशी,” काका म्हणाले. “चांगल्या रेडिओत शेवटी हाच असायचा. स्पीकरला ढकलायचं काम याचं. तुमचे गिटारवाले याच्यासाठी परदेशातून पैसे मोजतात होय?”

मी हो म्हणालो. त्यांनी कोपऱ्यातला एक लाकडी रेडिओ ओढला, मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं आणि टॉर्च लावून आधी आत नीट बघून घेतलं. “ट्रान्सफॉर्मरवाला आहे. तो नसता तर तुला तार लावू दिली नसती. त्या बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटात सगळ्या सांगाड्याला करंट असतो.” जुन्या रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. काकांनी त्यात वायर बसवली, मी मध्ये एक बूस्टरचं पेडल घातलं, कारण गिटारचा सिग्नल रेडिओला पुरत नाही. डायलचा पिवळा दिवा लागला. अर्धा मिनिट काहीच नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतो. मग बारीक घूं ऐकू आली.

मी खालच्या तारांवर नुसता सा आणि प धरून एक घाव घातला. आवाज मोठा नव्हता, दुकानापुढून जाणाऱ्या टेम्पोने तो सहज झाकला असता. पण फाटला तो किनारीकडून, मध्ये भरीव राहून. जोरात छेडलं की गुरगुरायचा, हलक्या बोटाने वाजवलं की स्वच्छ व्हायचा. गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम थोडा खाली आणला तर जवळजवळ साफ. हा बोटांना मिळणारा जाब माझ्या ॲम्पमध्ये कधीच नव्हता. तिथे बटण दाबलं की सगळं सारखंच फाटायचं, हळू वाजवा की जोरात.

काकांनी कारण सांगितलं, तेही रेडिओच्या भाषेत. मोठ्या ॲम्पमध्ये शेवटचे व्हॉल्व्ह जोडीने बसवतात. एक लाटेचा वरचा भाग ढकलतो, दुसरा खालचा. त्यात ताकद मिळते, पण जोडीतल्या दोघांचे दोष एकमेकांना खोडतात आणि दुप्पट कंपनांचा तो गोड स्वर बराचसा पुसला जातो. रेडिओत एकटाच व्हॉल्व्ह दोन्हीकडचं काम करतो. तो वर जितका दबतो तितका खाली दबत नाही, म्हणून वरच्या सप्तकातला सूर राहतो. मी दुकानातून निघालो तेव्हा मनात एवढं पक्कं होतं: एकच ईएल८४ असलेला छोटा ॲम्प.

तरी बाजार बघितलाच. पुण्यातली दुकानं, मुंबईत धोबीतलावची. दुकानात ॲम्प ऐकण्याबद्दल एकच सांगतो, तिथली महागडी गिटार हातात घेऊ नका. आपली जी आहे ती लोकलमधून वाहून न्या. फेंडरचा ब्लूज ज्युनिअर ऐकला. पंधरा वॅट, दोन ईएल८४, बारा इंची स्पीकर. सुंदर आवाज, पण त्याची फाटण्याची जागा येईपर्यंत दुकानदार काचेकडे काळजीने बघायला लागला. आमच्या काठावर त्या पातळीला वाजवलं तर पहिल्याच रात्री तक्रार. बॉसचा कटाना ऐकला. तो डिजिटल आहे, पन्नास वॅटचा ॲम्प एका बटणावर अर्ध्या वॅटपर्यंत खाली येतो, पेडलं आतच आहेत आणि मागे काही जळायचं नाही. खरं सांगायचं तर दहापैकी नऊ जणांनी तोच घ्यावा. मला मात्र काकांच्या दुकानातला तो घाव डोक्यातून जात नव्हता, आणि ज्या वस्तूचं झाकण उघडून काका दुरुस्त करू शकत नाहीत ती घेऊन मावळात राहायचं म्हणजे प्रत्येक बिघाडाला मुंबई गाठायची.

शेवटी एका वाजवणाऱ्याकडून जुना व्हॉक्स एसी४टीव्ही मिळाला. दिसायला जुन्या टीव्हीच्या खोक्यासारखा. आत एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४, पुढे टोन आणि व्हॉल्यूमची एकेक खुंटी, आणि एक खटका: चार वॅट, एक वॅट, पाव वॅट. रिव्हर्ब नाही, दुसरा चॅनल नाही. दहा इंची स्पीकर.

कॅम्पच्या मालकांना दाखवला तर ते हसले. “मास्तर, चार वॅट? आपल्या गेटवरचा बल्ब नऊ वॅटचा आहे.” त्यांच्याकडे डीजेची जी पेटी येते ती हजारांत मोजतात, त्यामुळे हसणं साहजिक होतं. पण वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे चाळीस वॅटचा ॲम्प माझ्या चार वॅटच्या फक्त दुप्पट वाजतो. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटरवर ९८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. चार वॅटवर तो १०४ होतो, आणि शेजारच्या माणसाशी बोलणं अवघड करायला ते पुरेसं आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, तेव्हा सोळा मीटरवर, म्हणजे शेकोटीच्या पलीकडच्या तंबूत, ८०. खटका पाव वॅटवर टाकला तर तिथेच ६८. गाणंही ऐकू येतं आणि भाकरी वाढ म्हटलेलंही.

हा हिशोब मालकांना कागदावर करून दाखवला, कारण त्यांना दुसरीही काळजी होती. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. काठावर पोलिसांची गाडी फिरते. मोठा ॲम्प हळू वाजवला तर तो फाटत नाही, नुसता पातळ होतो. छोटा ॲम्प पुरा वाजवला तर फाटतो आणि तरी जवळच राहतो. आमच्या जागेचा सगळा पेच या एका गोष्टीत सुटत होता.

आता लावतो कसा, ते सांगतो. पेडल ठेवलंय, पण त्याचं ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर, म्हणजे फाडायचं काम पेडलने करायचं नाही, व्हॉल्व्हला फक्त पुढे ढकलायचं. टोनची खुंटी अर्ध्याच्या खाली. ॲम्प जमिनीवर ठेवत नाही, कारण गवतावर ठेवलेला ॲम्प माझ्या पोटऱ्यांना वाजतो आणि पाहुण्यांना चावतो. प्लास्टिकच्या क्रेटवर मागे कलता ठेवतो. तोंड धरणाकडे नाही, डोंगराकडे. पीएला द्यायचं झालं तर वायर थेट लावत नाही, स्पीकरसमोर माइक धरतो, तोही कोनच्या मधोमध नको, जरा कडेला. मध्याला धरला की चिरका भाग येतो, कडेला सरकवला की गोल होतो. एवढ्या एका बोटाच्या सरकण्याने जो फरक पडतो तो कुठल्याही बटणाने पडत नाही. नंतर बारा इंची स्पीकरची एक पेटी ओहम जुळवून बाहेरून जोडली, तेव्हा बेसही परतला.

तोटे आहेत. पावसाळ्यात हा ॲम्प घराबाहेर काढत नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओली असते की गाद्यांना वास येतो, खुंट्यांत खरखर भरते, स्पीकरचा कागद मऊ पडतो. त्या दिवसांत लाकडी गिटार आणि एक छत्री. एकदम स्वच्छ, चकचकीत आवाज मोठ्याने हवा असेल तर एसी४ कामाचा नाही. तो थोडा वाढवला की फाटायलाच लागतो. व्हॉल्व्ह संपतात, तेव्हा ते बदलावे लागतात. आणि झाकण स्वतः उघडू नका. आत तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकून राहतो. ते काम काकांचं.

पलीकडच्या गावच्या आजोबांची परत गाठ पडली. नव्या ॲम्पबद्दल मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, “हल्ली लवकर बंद करता का काय?” आम्ही पूर्वीही दहालाच बंद करायचो.

काठावर कोणी वाजवायला येणार असेल तर ॲम्पच्या आधी विजेची चौकशी करा. बऱ्याच कॅम्पांवर लांबून ओढलेली वायर असते किंवा छोटा जनरेटर, आणि व्होल्टेज कधी दोनशेच्या खाली तर कधी अडीचशेच्या वर. व्हॉल्व्हच्या ॲम्पला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय प्लग घालू नका. दुसरं त्याहून महत्त्वाचं. गिटारचा ॲम्प आणि माइकचा मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील आणि अर्थिंग धड नसेल तर बोटं तारेवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. मला एका ठिकाणी बसला आहे, दातांपर्यंत. तेव्हापासून दोन्ही एकाच बोर्डावर लावतो, आणि गाण्याआधी एका हाताने तारा धरून दुसऱ्या हातातल्या टेस्टरने माइकची जाळी तपासतो. टेस्टर पेटला तर बयाणा परत करतो. तुम्हीही करा.